इतिवृत्तात न लिहिलेलं

तारीख लिहिली. वेळ रात्री साडेआठ.
ठिकाण : दूध डेअरीची जुनी खोली, जिथं अजून
फॅट मोजायच्या नळ्यांचा आंबूस वास आहे.
हजर : अकरा, मला धरून.
मुलींत मी एकटीच, म्हणून वही माझ्याकडं आली.
अक्षर चांगलं असतं म्हणे आमचं.

मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं.
म्हणजे मी वाचलं, आणि सुयश झेंडेनं
मोबाईलमधून मान न काढता "कायम" म्हटलं.

विषय एक : अंजिरावरचा तांबेरा.
वहीत पुढं एवढंच आहे, "चर्चा झाली."

चर्चा अशी झाली, की आधी कुणीच बोलेना.
लांब कुणाचा तरी पंप चालू होता,
त्याचा आवाज आम्ही सगळे
जन्मात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा ऐकत बसलो.
मग निरंजन खळदकरनं,
ज्याची बाग बघायला सासवडचे लोक गाडी थांबवायचे,
खिशातून एक पान काढून टेबलावर ठेवलं.
खालून गंजलेलं, जुन्या पत्र्यासारखं.
"फवारणी चुकली माझी," म्हणाला.
"दहा दिवस उशीर. मावसभावाचं लग्न होतं.
निम्मी बाग झडली."

कुणी हसलं नाही.

गावात झडलेली बाग
मालकाच्या आधी पारावर पोचते,
तीही तिखटमीठ लावून.
इथं ते पान हातोहात फिरलं.
कुणी उजेडात धरलं, कुणी नखानं खरवडलं.
नौशाद म्हणाला, माझ्याकडंही सुरू झालंय,
ओढ्याकडच्या चार झाडांना.
म्हणाला, आणि खुर्ची थोडी पुढं ओढून बसला.
तेजसनं तारखा मागितल्या.
तारखा!
आमच्या अण्णांना विचारलं तर सांगतात,
"थंडी पडली की मारायचं."
तीस वर्षांची शेती, आणि एक तारीख नाही.

विषय दोन : मंडळाच्या छाटणीच्या कात्र्या.
एकूण दोन. पैकी एक रेवणकडं, तीन आठवडे.
ठराव : परत करावी.
सूचक सगळे. अनुमोदक रेवणची आई,
जी दारातूनच ओरडली की कालच धार लावून ठेवलीय,
न्या एकदाची.

विषय तीन : मार्केट यार्डाची पाटी.
नऊ जणांचा माल एका टेम्पोत, पहाटे दिवे घाट उतरून.
ठरलेलंच पुन्हा ठरलं :
वरचा थर जसा, तसाच खालचा.
पहिल्या वर्षी यावरून भांडणं झाली होती,
दोघं तर मंडळ सोडून गेले.
आता गुलटेकडीचा अडत्या
आमची पाटी पालथी करून बघत नाही.
नाव बघतो, आकडा लिहितो.
हे वहीत कुठं लिहायचं ते मला कळलं नाही.

हेही नाही लिहिलं, की परवा जेवताना
अण्णांनी आईला विचारलं,
मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं,
"काय म्हणतंय त्यांचं मंडळ तांबेऱ्याचं?"
आई म्हणाली, तिलाच विचारा की.
त्यांनी पाणी मागितलं.
पण दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंतीवर
खडूनं एक तारीख होती.

आयत्या वेळचे विषय : विक्रांत कुंजीर.
चाकणला लागलाय, कायम नाही, कंत्राटी.
उभा राहून म्हणाला, हजेरीत नाव ठेवायचं की खोडायचं,
तुम्ही ठरवा.
पुन्हा तो पंप.
शेवटी सुयशनं मोबाईल खिशात घातला.
"तुझी अंजिरं कोण तोडणार?"
"वडील. आणि रविवारी मी."
"मग रविवारी सभा घेऊ."

ठराव म्हणून हे बसत नाही. तरी लिहिलं.

सभा संपली, दिवा मालवला, कुलूप नौशादनं लावलं.
आज दिवसभर तोडणी होती,
चिकानं बोटं अजून चुरचुरतात,
त्यामुळं या पानावरचं अक्षर वाकडं आलंय.
पुढच्या सभेत कायम करताना
तेवढं सांभाळून घ्यावं.

सचिव